आकड्याची साक्ष

न्यायालयात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला म्हणजे प्रथम त्याला शपथ दिली जाते. मग त्याची सरतपासणी होते, उलटतपासणी होते, आणि एवढे सर्व झाल्यावरही त्याच्या म्हणण्यापैकी किती ग्राह्य धरावयाचे हे न्यायाधीश ठरवितात. आकड्याच्या बाबतीत मात्र आपण यांपैकी काहीच करीत नाही. छापील कागदावर एखादा आकडा दिसला, की त्याला शपथ नको, त्याची उलटतपासणी नको. तो खरा आहे असे आपण गृहीत धरून चालतो. दोन आकडे एकमेकांविरुद्ध उभे राहिले म्हणजे मगच आपण जागे होतो, आणि तेव्हाही मनात येते ते एवढेच, की या दोहोंपैकी कोणीतरी एक खोटे बोलत आहे. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतील, ही शक्यता फारशी कोणाला सुचत नाही. आणि दोघेही खरे बोलत असूनही त्यांतला एक आपल्याला फसवीत असेल, ही तर नाहीच नाही.

आमच्या मनात हे विचार येण्यास एक मोटार कारण झाली. देवस्थानाच्या महाजनांपैकी एका घरचा तरुण काही दिवसांपूर्वी दोन कागद घेऊन आमच्याकडे आला. नोकरीच्या बचतीतून त्याने एक टर्बो-पेट्रोल एंजिनाची गाडी घेतली होती. कारखानदाराने त्या एंजिनाची शक्ती १९० जाहीर केलेली. तेवढ्याने त्याचे समाधान होईना, म्हणून घाटमाथ्यावरील एका शहरात गॅरेज चालविणाऱ्या आपल्या बालमित्राकडून त्याने ती वाढवून घेतली. मित्राने एंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलली, हवा गाळून आत घेणारा भाग बदलला, आपल्याकडील यंत्रावर गाडी चढवून मोजणी केली आणि कागद हाती दिला. कागदावर आकडा होता २३७. तरुणाने तो कागद चौकटीत बसवून घरात लावला. पुढे किनाऱ्यावरील दुसऱ्या एका शहरात, चारचौघा हौशी मित्रांच्या देखत, त्याने तीच गाडी दुसऱ्या यंत्रावर चढविली. तेथे आकडा आला १८०.

“काका, नोटीस पाठवा,” तो आम्हांला म्हणाला. “१९० ची गाडी होती. पैसे मोजले, आणि ती १८० ची झाली. त्याने मला सरळ सरळ फसवले.”

हा मित्र, म्हणजे तो मेस्त्री, आमच्या परिचयाचा. दोघेही एकाच वाड्यावर वाढलेले. जत्रेच्या रात्री पालखीचा दांडा दोघांच्या खांद्यांवर एकामागोमाग असावयाचा. आता मंडपात एक आला म्हणजे दुसरा उठून जातो, हेही आमच्या कानी आले होते. अशा दोन कागदांच्या आधारे नोटीस लिहावयास आम्हांला अर्धा तास पुरला असता, आणि ती वाचावयास जोरकसही झाली असती. पण नोटीस म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला चारचौघांत खोटा म्हणणे. म्हणून आम्ही त्याला दोन दिवस थांबावयास सांगितले आणि कागद ठेवून घेतले.

ज्या वाचकांना या यंत्राची ओळख नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. त्याला ‘डायनो’ म्हणतात. जमिनीत बसविलेल्या जड लोखंडी रुळांवर गाडीची चाके ठेवतात, गाडी पट्ट्यांनी जखडून टाकतात, आणि जागच्या जागी भरधाव चालवितात. रुळाचे जडत्व आधी ठाऊक असते. तो किती वेळात किती वेगाने फिरू लागला यावरून चाकांनी किती शक्ती दिली हे गणिताने काढतात. काही यंत्रांत रुळाला विजेच्या योगाने अडवितात आणि अडविण्यास किती जोर लागला ते मोजतात. ही दुसरी कल्पना जुनी आहे. १८२१ साली प्रोनी नावाच्या फ्रेंच एंजिनिअराने फिरत्या चाकाला लाकडी ठोकळ्यांनी आवळून एंजिनाची शक्ती मोजण्याची युक्ती काढली होती. सांगण्याचे तात्पर्य असे, की शक्ती ही वस्तू कोणी पाहिलेली नाही. यंत्र पाहते तो वेग, वेळ आणि जोर. आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. त्यांच्या भाषेत बोलावयाचे तर डायनोचा आकडा हे प्रत्यक्ष नव्हे, ते अनुमान आहे. आणि अनुमानाला हेतू लागतो, व्याप्ती लागते. त्यात दोष शिरण्यास जागा असते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने, आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही, तज्ज्ञाच्या म्हणण्याला ‘मत’ म्हणूनच स्थान दिले आहे. ते मत कशावर आधारले आहे हे विचारण्याचा हक्क प्रतिपक्षाला असतो.

तो हक्क आम्ही त्या दोन कागदांवर बजावावयाचे ठरविले.

पहिला प्रश्न: अश्वशक्ती म्हणजे कोणता अश्व? जेम्स वॉटने वाफेची एंजिने विकताना, घोडे जुंपून काम करणाऱ्या गिरणीवाल्यांना समजावे म्हणून, एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याचे काम ही एका घोड्याची शक्ती धरली. युरोपात पुढे मीटर-किलोग्रॅमच्या मापात बसावी म्हणून एका सेकंदात ७५ किलोग्रॅम वजन एक मीटर उचलण्याची शक्ती ही दुसरी अश्वशक्ती प्रचारात आली. ही दुसरी पहिलीपेक्षा शेकडा दीडच्या आतबाहेर लहान. पहिला कागद युरोपी घोड्यांत होता, दुसरा वॉटच्या. म्हणजे दुसऱ्या कागदावरील १८० हे पहिल्या कागदाच्या मापाने १८२ च्या थोडे वर भरत होते. एका गावच्या कुडवाने मोजलेला तांदूळ दुसऱ्या गावच्या कुडवाने मोजताना आपले आजे-पणजे हा फरक न विसरता धरीत असत, आपण विसरलो.

दुसरा प्रश्न: ही शक्ती कोठे मोजली? एंजिनातून निघालेली सर्व शक्ती चाकांपर्यंत पोचत नाही. दातेरी चक्रे, तेल, धारवे, टायर या सर्वांना त्यातला वाटा द्यावा लागतो. दुसऱ्या कागदावर चाकांवरची शक्ती होती. पहिल्या कागदावर, अगदी खाली बारीक अक्षरात, वाटेतील घट शेकडा १५ धरली असल्याचा उल्लेख होता. यंत्राने मोजली होती ती चाकांवरचीच शक्ती. एंजिनाची शक्ती त्यावरून उलट्या गणिताने काढलेली. शेकडा १५ हाच आकडा का? कारण तसा धरण्याचा प्रघात आहे. प्रत्येक गाडीची घट वेगळी असते, आणि एकाच गाडीची घटही तिचे तेल थंड असता वेगळी व गरम असता वेगळी असते. कारखानदाराने जाहीर केलेले १९० हे मात्र एंजिनाचे होते. तेव्हा १९० ची गाडी १८० ची झाली, हा आमच्या तरुणाचा सारा संताप दोन वेगळ्या जागी मोजलेल्या वस्तूंच्या तुलनेवर उभा होता. मळणीवर मोजलेले भात आणि भिरडीतून निघालेला तांदूळ यांची तुलना करून, वाटेत कोणीतरी धान्य चोरले असे म्हणण्यासारखेच ते झाले.

तिसरा प्रश्न अधिक नाजूक: कोणत्या हवेत मोजली? एंजिन इंधन जाळते ते हवेच्या आधाराने. हवा विरळ झाली, उष्ण झाली, दमट झाली, म्हणजे शक्ती घटते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. तेथील हवेचा दाब पणजीच्या मानाने शेकडा आठ-नऊने कमी भरतो. वेगवेगळ्या जागच्या मोजण्या एकमेकींशी ताडून पाहता याव्यात म्हणून एंजिनिअरांनी दुरुस्तीची सूत्रे ठरविली आहेत. आज अमेरिकेत सर्वमान्य असलेले सूत्र २५ अंश उष्णतेची, ९९ किलोपास्कल दाबाची कोरडी हवा आधाराला धरते. त्याहून जुने एक सूत्र अधिक थंड आणि दाट हवा धरते, आणि म्हणून त्याच गाडीचा आकडा शेकडा चारांच्या आसपास वर नेते. घाटमाथ्यावरच्या कागदावर अशा दुरुस्तीने शेकडा १२ ची भर पडलेली होती. किनाऱ्यावरच्या कागदावर काहीच दुरुस्ती नव्हती.

भर घातली हा अपराध नव्हे. सूत्र सांगते म्हणूनच ती घातली. पण हे सूत्र साध्या एंजिनासाठी, म्हणजे भोवतालची हवा आपल्या श्वासाने आत ओढणाऱ्या एंजिनासाठी आहे. टर्बो बसविलेल्या एंजिनात निघणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि हवा दाबून आत भरतो. बाहेरची हवा विरळ असली तर संगणक त्या पंख्याला अधिक फिरू देतो आणि उणीव बरीचशी भरून काढतो. घाटावर चढूनही ती गाडी फारशी थकत नाही ती यामुळेच. मग जिची भरपाई एंजिनाने स्वतःच करून घेतली होती, तिची भरपाई कागदाने पुन्हा एकदा करून दिली असे झाले. सूत्र खरे, हवामानाचे आकडे खरे, गुणाकार खरा. पण सूत्राची व्याप्ती त्या ठिकाणी लागू नव्हती.

आता आम्ही २३७ मधून मागे मागे चालत गेलो. शेकडा १५ ची धरलेली घट वजा केली, ते २०१ झाले. दुरुस्तीची भर काढून टाकली, ते १८० झाले. म्हणजे घाटमाथ्यावरच्या यंत्राने चाकांवर प्रत्यक्षात पाहिले होते १८०, आणि किनाऱ्यावरच्या यंत्राने त्याच मापात १८२. सत्तावन्न घोड्यांचे भांडण दोन-अडीच घोड्यांवर येऊन थांबले! आणि एवढा फरक तर टायरात हवा किती, पट्टे किती आवळले, एंजिन आधीच किती तापले होते, समोरचा पंखा किती वारा घालीत होता, एवढ्यानेही पडतो. दोन्ही यंत्रे जवळजवळ एकच साक्ष देत होती.

मेस्त्री सुटला, असे वाचकांना वाटेल. आम्हांलाही क्षणभर तसेच वाटले. पण मन स्वस्थ होईना. युरोपी घोडा धरला, एंजिनापाशी हिशेब केला, घट ठरीव धरली, दुरुस्ती पूर्ण घातली. या चारही निवडी एकेकट्या पाहिल्या तर प्रत्येकीला आधार होता. परंतु चारही निवडी एकाच दिशेला, मोठ्या आकड्याच्या दिशेला, झुकलेल्या होत्या. प्रत्येक पायरी नियमाला धरून आणि सबंध जिना मात्र वाकडा, अशा रचनेला काय म्हणावयाचे? हाच आमच्या मते या प्रकरणातील खरा नैतिक प्रश्न आहे, आणि तो मोटारीपुरता नाही.

महाभारतातील धर्मराजाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वर चाले. रणांगणावर त्याने द्रोणाचार्यांना अश्वत्थामा मेल्याचे मोठ्याने सांगितले, आणि तो हत्ती होता हे हलक्या आवाजात पुटपुटला; तत्क्षणी त्याचा रथ इतरांच्या रथांप्रमाणे जमिनीला टेकला. त्याच्या वाक्यात खोटा शब्द एकही नव्हता. दोष होता तो आवाजाच्या चढउतारात: कोणता भाग ऐकू जावा आणि कोणता जाऊ नये, हे त्याने ठरविले होते. कागदाच्या मध्यभागी मोठ्या अक्षरांत २३७ आणि तळाशी बारीक अक्षरांत घट व दुरुस्ती, ही त्याच चढउताराची छपाई नव्हे काय?

येथे एक आक्षेप निघेल, की ही व्यापाराची रीतच आहे. रीत आहे, हे खरे. अमेरिकेतील मोटारकारखाने १९७१ पर्यंत एंजिन गाडीबाहेर काढून, त्याच्यावरचा बराच बोजा उतरवून मोजलेली ढोबळ शक्ती जाहिरातींत देत असत; १९७२ च्या गाड्यांपासून गाडीत बसविल्या स्थितीतील निव्वळ शक्ती देण्याची पद्धत रूढ झाली, आणि तीच ती एंजिने कागदावर एकदम दुबळी दिसू लागली. एंजिनात जे बदलले त्यापेक्षा प्रश्नात अधिक बदलले होते. उलट जपानात १९८९ पासून कारखानदारांनी आपसांत संकेत पाळला, की कोणत्याही गाडीची शक्ती २८० च्या वर जाहीर करावयाची नाही. पुढे एंजिने त्याच्या वर गेली, तरी कागद २८० वरच थांबला. हा संकेत मोडला तो २००४ साली. कमी सांगणे हे विनयाचे लक्षण आहे असे आपण मानतो. पण जाणूनबुजून कमी सांगितलेला आकडाही साक्ष म्हणून तितकाच निरुपयोगी. नम्रता हा माणसाचा गुण आहे, मापाचा नव्हे.

आणि याच यंत्राने मोठमोठ्यांना सत्य कबूल करावयास लावल्याचेही उदाहरण आहे. फोर्ड कंपनीने १९९९ साली मस्टँग कोब्रा ही गाडी ३२० अश्वशक्तीची म्हणून विकली. घेणाऱ्यांना ती आधीच्या ३०५ च्या गाडीपेक्षा चपळ वाटेना. त्यांनी ती डायनोवर चढविली आणि आकडे उणे आले. कंपनीला विक्री थांबवून, विकलेल्या गाड्या परत बोलावून, त्यांची हवेची व धुराची वाट दुरुस्त करून द्यावी लागली. त्या ग्राहकांचे बळ एका कागदात नव्हते. एकाच जातीच्या दोन गाड्या एकाच प्रकारे मोजून शेजारी शेजारी ठेवण्यात ते होते.

याच्या अगदी उलट टोकाला २०१५ सालचे फोक्सवागन कंपनीचे प्रकरण आहे. तिच्या डिझेल गाड्यांतील संगणकाला आपण रुळांवर आहोत, आपली परीक्षा चालू आहे, हे ओळखण्यास शिकविले होते. परीक्षा चालू असता गाडीचा धूर स्वच्छ. रस्त्यावर उतरली, की सोडणारा विषारी वायू मर्यादेच्या कितीतरी पट. जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत ही करामत होती. परीक्षक समोर असेतोवर सदाचार, आणि पाठ वळताच मोकळीक: गाडीला हे शिकविणाऱ्यांनी ते माणसांकडूनच उचलले असणार. घरात देवासमोर वेगळे आणि पेढीवर वेगळे वागणारा गृहस्थ आपल्यापैकी कोणाच्या पाहण्यात नाही?

देवाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगतो. आमच्याकडच्या कित्येक देवळांत कौल लावण्याची चाल आहे. पाकळी लावण्यापूर्वी प्रश्न स्पष्ट शब्दांत सांगावा लागतो. उजवी पडली तर काय समजावयाचे आणि डावी पडली तर काय, हेही आधी सांगावे लागते. मग जे पडेल ते मानावयाचे. ज्याला श्रद्धा नाही त्यालाही या रीतीतील शिस्त घेण्यासारखी आहे: उत्तर येण्यापूर्वी प्रश्न बांधून घेणे. एखादा यजमान मनासारखी पाकळी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा कौल लावीत बसला, तर त्याने देवाला विचारले असे आपण म्हणत नाही. स्वतःच्या इच्छेला देवाची मोहोर उठवून घेतली असे म्हणतो. डायनोवर पाच वेळा गाडी पळवून त्यांतला सर्वांत मोठा आकडा तेवढा छापून घेणारे गिऱ्हाईक यापेक्षा निराळे काय करते? आमच्या तरुणाने तो कागद चौकटीत बसविला तेव्हा तळाची बारीक अक्षरे वाचली नव्हती. आकडा लहान निघाल्यावर त्याने एका दिवसात वकील गाठला. आकडा मोठा असेतोवर इतके महिने त्याला एकही प्रश्न सुचला नव्हता. मेस्त्रीचा आवाज चढता-उतरता होता हे खरे. पण ऐकणाऱ्याचा कानही चढत्या स्वरालाच लागलेला होता.

आता कोणी म्हणेल, घोडा वेगळा, जागा वेगळी, हवा वेगळी. म्हणजे सत्य असे काही नाहीच, ज्याचा त्याचा आकडा खरा. आमचे म्हणणे याच्या नेमके विरुद्ध आहे. जैन तत्त्वज्ञांनी प्रत्येक विधानामागे ‘स्यात्’ जोडले, म्हणजे अमुक एका अपेक्षेने. त्यांचा उद्देश सत्य बुडविण्याचा नव्हता, ते नेमके करण्याचा होता. ‘चाकांवर, अमुक हवेत, दुरुस्ती न करता, तीन मोजण्यांची सरासरी १८०’ हे वाक्य लांबलचक आहे, चौकटीत शोभत नाही. पण ते जगातल्या कोणत्याही गॅरेजात खरे राहील. ‘२३७’ हे सुटसुटीत आहे, आणि त्याला स्वतःचा अर्थच नाही. अटी सांगितल्या म्हणजे आकडा दुबळा होत नाही. अटी काढून घेतल्या म्हणजे तो निराधार होतो.

एवढे झाल्यावरही चौथा प्रश्न उरला होता, आणि तोच मुख्य: कशाच्या तुलनेत? शक्ती किती वाढली हे सांगावयाचे, तर बदलापूर्वी त्याच गाडीची, त्याच यंत्रावर मोजणी हवी. ती कोणी केलीच नव्हती. कारखानदाराचे १९० हे दुसऱ्या यंत्रावरचे, दुसऱ्या रीतीचे. दोन कागदांवरून मेस्त्रीने फसवले हे जसे सिद्ध होत नव्हते, तसे त्याने काही वाढविले हेही सिद्ध होत नव्हते.

आम्ही दोघांनाही बोलावले, कचेरीत नव्हे, घरी. तरुणाला आधी एक कटू गोष्ट सांगितली, की कारखान्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत असे बदल वाहनात करता येत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला आहे. न्याय मागावयास जाणाऱ्याने प्रथम आपले हात पाहावेत. मग मेस्त्रीला मूळ आज्ञावली जपून ठेवली आहे का म्हणून विचारले. त्याने ती ठेवली होती. हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आम्हांला सर्व कागदांपेक्षा मोठे वाटले. कौलाप्रमाणे प्रश्न आधी बांधून घेतला: किनाऱ्यावरचेच यंत्र, एकच दिवस, टायरांत सारखी हवा, मूळ स्थितीत तीन मोजण्या, बदललेल्या स्थितीत तीन, दोन्हींची सरासरी, दुरुस्ती नाही. जे निघेल ते दोघांनी मानावयाचे.

निघाले ते असे: मूळ स्थितीत १५८, बदलानंतर १८०. वाढ बावीसची, शेकडा चौदाच्या जवळपास. मेस्त्रीने काही केलेच नाही, हे खोटे ठरले. आणि चाळीसाच्या वर वाढवीन हा त्याचा शब्दही टिकला नाही. पैशाचा हिशेब त्यांनी आपसांत मिटविला. त्यात आम्ही पडलो नाही.

पण जाताना मेस्त्री उंबऱ्यावर थांबला आणि म्हणाला, “वकीलसाहेब, उद्यापासून मी १५८ चे १८० असे लिहीन. शेजारचा १९० चे २३७ लिहितो. गिऱ्हाईक कोणाकडे जाईल?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या वेळी देता आले नाही, आणि आजही पुरतेपणी देता येत नाही. सचोटीने धंदा बसतो असे सांगणे सोपे. ज्याच्या घरी दोन मुले आणि गॅरेजचे भाडे आहे त्याच्या तोंडावर ते सांगणे सोपे नाही. आम्हांला एवढेच दिसते, की खऱ्या आकड्याचा भार एकट्या मेस्त्रीच्या खांद्यावर टाकून चालणार नाही. पालखीला जसे मागचे खांदेही लागतात, तसे येथे विचारणाराही लागतो. ‘किती?’ एवढाच प्रश्न करणाऱ्याला बाजार नेहमी मोठाच आकडा देईल. ‘कोठे मोजले, कोणत्या हवेत, आणि कशाच्या तुलनेत?’ असे विचारणारे चार ग्राहक जरी निर्माण झाले, तरी १५८ चे १८० लिहिणाऱ्याला जगता येईल.

आमच्यापुरते बोलावयाचे तर त्या प्रसंगाने थोडी लाजही वाटली. पक्षकाराच्या बाजूचा कागद वर आणि अडचणीचा कागद खाली, अशी फाईल आम्ही वर्षानुवर्षे लावीत आलो. त्यांतला एकही कागद खोटा नसे. दुसऱ्या दिवशी कचेरीत एक पक्षकार नुकसानीचा मोठा आकडा घेऊन आला. एरवी आम्ही तो तसाच अर्जात उतरविला असता. त्या दिवशी आम्ही चष्मा पुसला आणि त्याला विचारले, “हा आकडा कोणी, कधी आणि कशावरून काढला?” त्याला तो प्रश्न आवडला नाही. अर्ज लिहावयास त्या दिवशी नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला, आणि आकडा निम्म्यावर आला.